दोन संशयी, एक ओसरी

सोयरिकी जुळवण्याचा नाद माणसाला साधारणपणे दोन वयांत लागतो. एकदा मित्रांची लग्ने ठरत असताना आणि दुसऱ्यांदा मुलांची ठरायची वेळ आली म्हणजे. मला तो तिसऱ्याच वाटेने लागला. मी पुस्तकांतल्या माणसांच्या सोयरिकी जुळवतो. चि. वि. जोशांच्या चिमणरावांच्या बिऱ्हाडी पुलंचा अंतू बर्वा चार दिवस पाहुणा म्हणून उतरला, तर काऊला तो आवडेल काय? फुरसुंगीच्या बनेश फेण्याने तळीरामाच्या आर्यमदिरामंडळावर पाळत ठेवली, तर आधी कोण कोणाला पकडील? असले प्रश्न रात्री दिवा मालवल्यावर मनात येतात आणि माणूस अंधारात एकटाच हसतो. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे.

हल्लीची मुले याला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात, आणि दोन निरनिराळ्या ग्रंथांतली माणसे एका गोष्टीत आणली की त्याला ‘क्रॉसओव्हर’. शब्द नवे आहेत; खोड फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात भीम सौगंधिक कमळे आणायला निघतो, तो वाटेत एक म्हातारे वानर शेपूट पसरून पडलेले. भीम म्हणतो, बाजूला हो. वानर म्हणते, म्हातारा झालो, तूच शेपूट उचलून ठेव आणि जा. पुढे काय होते ते आपण सारे जाणतोच. रामायणातला एक वीर महाभारतातल्या दुसऱ्या वीराच्या वाटेत आडवा पडतो आणि गदाधारी भीमाला एक शेपूट हलवता येत नाही! यात विनोद आहे, सामना आहे, आणि दोघेही वायुपुत्र असल्यामुळे भाऊबंदकीही आहे. आमच्या तमाशाच्या गौळणीत तरी निराळे काय होते? मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर एक मावशी असते. ती द्वापारयुगातली खरी. पण बोलते ती काल गावात काय झाले त्यावर.

परदेशांतही हा उद्योग मोठमोठ्यांनी केला आहे. सर्व्हांटीसच्या ‘डॉन क्विक्झोट’चा पहिला भाग १६०५ साली निघाला. दुसरा भाग त्याच्या हातून पुरा होण्याआधीच १६१४ साली आव्हेयानेदा असे नाव घेतलेल्या कोणा भलत्यानेच एक बनावट दुसरा भाग छापून टाकला. सर्व्हांटीसने काय करावे? १६१५ च्या आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात त्याने त्या बनावट पुस्तकातल्या डॉन आल्वारो तार्फे नावाच्या पात्राला एका खाणावळीत आणून आपल्या नायकासमोर बसवले, आणि ‘मी पूर्वी भेटलो तो डॉन क्विक्झोट हा नव्हे’ असा जबाब गावच्या अधिकाऱ्यापुढे लिहून घेतला! फिर्याद करायची ती गोष्टीतच केली. फ्रान्समध्ये मॉरिस लब्लांने १९०६ साली आपल्या आर्सेन ल्युपँ या चोराची गाठ थेट शेरलॉक होम्सशी घातली. कॉनन डॉयलने हरकत घेतली, तेव्हा लब्लांने आडनावातला ‘ह’ नावात आणि नावातला ‘श’ आडनावात घालून ‘हर्लॉक शोम्स’ उभा केला. सोयरीक मोडली नाही. फक्त पत्रिकेत नाव बदलले.

एवढी प्रस्तावना झाली. आता मुद्द्याकडे येतो.

आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळातील मुलांनी एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी अशीच एक एकांकिका लिहायची ठरवली. निरनिराळ्या पुस्तकांतली पात्रे एकत्र आणायची आणि तास-पाऊण तास लोकांना हसवायचे. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला मध्यस्थाच्या जागी बसवण्यात आले. आठवडाभर रोज तास संपल्यावर आम्ही फळ्यावर विनोद मांडत होतो. ज्याला जे सुचेल ते त्याने उठून लिहायचे. पुसायचे ते मात्र सर्वांनी मिळून.

पहिल्या दिवशी फळा दोनदा भरला आणि दोनदा कोरा झाला. याचे कारण सांगण्यासारखे आहे. कोणी लिहिले, तळीरामाला मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत. कोणी लिहिले, सिंधू रिक्षात बसते आणि रिक्षावाला मीटर टाकत नाही. मुले हसली, पण ओळखीच्या फार्ससारखी हसली. तेव्हा मी एक कसोटी सुचवली: पात्राचे नाव खोडून तेथे दुसरे कोणतेही नाव घाला. विनोद तसाच चालत असेल, तर तो त्या पात्राचा नव्हे, पुसून टाका. रिक्षाच्या मीटरला सिंधूच कशाला पाहिजे? कोणीही बाई चालेल. फळा पुसला गेला.

या कसोटीतून जे तरले ते ऐका. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यासा’तला विसरभोळा गोकुळ आणि देवलांचे संशयी फाल्गुनराव यांची गाठ पडते. फाल्गुनरावांना बायकोविरुद्ध साक्षीदार हवा आहे, आणि साऱ्या गावातून ते गोकुळला निवडतात. का? तर ज्याला सगळे नीट आठवते तो पढवलेला असतो. ज्याला काहीच आठवत नाही तोच निःपक्षपाती! ‘गोकुळची साक्ष’ ज्याने वाचली आहे, त्याला पुढचा प्रवेश लिहून दाखवण्याची गरजच नाही. येथे गोकुळच पाहिजे आणि फाल्गुनरावच पाहिजेत. नाव बदला, की गंमत गेली.

दुसरा विनोद असा: पुलंचे हरितात्या इतिहास सांगतात तो जणू स्वतः तेथे हजर असल्यासारखा. त्यांच्यापुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मधला एक मावळा येऊन उभा राहतो आणि भाबडेपणाने म्हणतो, “तात्या, त्या रात्री तुम्ही गडावर दिसला नाहीत.” एका मुलाने लिहिले की हरितात्या ओशाळतात. मुलांनीच ते खोडले. हरितात्या ओशाळले तर ते हरितात्या कसले? मग एकाने लिहिले: मावळा विचारतो, “बरे, दोर कोणी कापले?” आणि हरितात्या न डगमगता सांगतात, “मला विचारूनच कापले.” वर्ग कोसळला. या हशातून दुसरी गोष्ट ध्यानात आली. सामना रंगतो तो दोघेही आपापल्या जागी घट्ट उभे राहिले तर. एक जण हरला की विनोद संपला. मावळा सच्चा आहे, हरितात्याही आपल्या परीने सच्चे आहेत, आणि दोघांच्या सच्चेपणात साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. हसू त्या अंतरातून येते.

पण नुसत्या हशावर पाऊण तास रेटता येत नाही. सामन्याला काही तरी पणाला लागावे लागते. एका मुलीने पुलंच्या नारायणाला देवलांच्या ‘शारदे’त पाठवला. नारायण हा दुसऱ्याच्या लग्नात स्वतःच्या घरच्यासारखा राबणारा गडी. तो कांचनभटाच्या घरी लग्नाची यादी घेऊन येतो, केळीचे खांब, आचारी, वाजंत्री सारे ठरवतो, आणि मग नवऱ्या मुलाला घोड्यावर चढवायला जातो तर समोर भुजंगनाथ! आता नारायण काय करील? ज्याने जन्मात कोणाचे कार्य अडू दिले नाही, तो हे कार्य पार पाडील की मोडील? या प्रश्नावर वर्ग प्रथमच गप्प बसला. विनोद चालता चालता एका दाराशी येऊन थांबला होता आणि दार कोणी उघडायचे ते ठरत नव्हते. मला वाटले, आता कामाला सुरुवात झाली.

नारायणाला मात्र रंगमंचावर आणता येईना. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. परवानगीवाचून त्यांची पात्रे वर्गात खेळवणे वेगळे आणि नाटक म्हणून उभी करणे वेगळे. चि. वि. जोशी १९६३ साली वारले, म्हणजे चिमणराव नुकतेच मोकळे झाले आहेत. देवल तर १९१६ सालचे. तेव्हा मुले देवलांकडे वळली ती कायद्याच्या धाकाने. पण धाकाने धरलेली वाट कधी कधी बरोबर मुक्कामावर नेऊन सोडते.

गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ लिहिले. ते शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे रूपांतर. शूर सरदार झुंझारराव, त्याची निष्पाप बायको कमळजा, आणि कानाशी लागून तिच्याविषयी विष कालवणारा जाधवराव. एका रुमालावरून संशय पक्का होतो आणि कमळजेचा जीव जातो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ साली, याच देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. मर्फीच्या १७६१ सालच्या एका इंग्रजी प्रहसनावरून ते घेतलेले होते आणि त्याचे मूळ मोलियरपर्यंत जाते. पुढे १९१६ साली गाण्यांनिशी तेच ‘संशयकल्लोळ’ झाले. तेथेही संशयी नवरा आहे, निरपराध बायको आहे, आणि रुमालाच्या जागी एक तसबीर आहे. एका नाटकात प्रेत पडते. दुसऱ्यात प्रेक्षक पोट धरून हसतात. लेखक एकच, दुखणे एकच, तीन वर्षांचे अंतर. या दोन नवऱ्यांची भेट देवलांनी स्वतः का घालून दिली नाही, कोण जाणे! एका मुलाने फळ्यावर लिहिले: “फाल्गुनराव झुंझाररावांच्या ओसरीवर येतात.” आणि एकांकिकेचा पहिला प्रवेश ठरला.

विनोद तर भराभर सुचले. ‘संशयकल्लोळा’त पुरुषांची नावे महिन्यांवरून आणि बायकांची नक्षत्रांवरून आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे: अश्विनशेट, फाल्गुनराव, भादव्या, रेवती, कृत्तिका, मघा. तेव्हा यजमानाचे नाव ऐकताच फाल्गुनरावांचा संशय जागा होतो. झुंझार? हा कुठला महिना? पंचांगात तर नाही. अधिकमास असेल, आणि अधिकमास म्हणजे ज्याचा हिशेब लागत नाही असा पाहुणा! मग झुंझाररावांची तलवार पाहून त्यांना वाटते की एवढी तलवार बाळगणारा माणूस नक्कीच कोणाच्या तरी नवऱ्याला भीत असणार. हे सारे विनोद कसोटीला उतरले, कारण ते फाल्गुनरावांवाचून कोणाच्याच डोक्यात येणार नाहीत.

पण सर्वांत मोठी गंमत जाधवरावाच्या वाट्याला आली. मुलांनी त्याला फाल्गुनरावांच्या कानाशी लावला. तो प्रवेश असा झाला:

जाधवराव (हळूच): मला खरे तर काही बोलायचे नव्हते. पण काल तिन्हीसांजेला आपल्या वाड्याच्या मागच्या दाराशी...

फाल्गुनराव: काल? अहो, परवासुद्धा! आणि तेरवाही! पण थांबा. आमच्या वाड्याला मागचे दार आहे, हे तुम्हांला कसे कळले?

आणि पुढची दहा मिनिटे जाधवराव घाम पुसत आपण कृत्तिकाबाईंना कधी पाहिलेलेही नाही, हे शपथेवर सांगत बसतो. ज्याने झुंझाररावासारखा वीर जमीनदोस्त केला, त्याची फाल्गुनरावांपुढे डाळ शिजत नाही. पेरायला आलेल्याला शेत आधीच तणाने भरलेले सापडते!

हसता हसता मी फळ्याकडे पाहिले आणि पंचवीस-तीस वर्षे ही दोन्ही नाटके वाचूनही न दिसलेले काही तरी तेथे खडूने लिहिलेले दिसले. फाल्गुनराव सगळ्यांवर संशय घेतात: बायकोवर, अश्विनशेटवर, घरच्या गड्यावर, वाऱ्याने हललेल्या पडद्यावर. म्हणून ते जाधवरावावरही घेतात आणि वाचतात. झुंझारराव संशयी नाहीच. तो विश्वास ठेवणारा माणूस आहे. त्याचा सारा विश्वास एका माणसाच्या ओंजळीत, आणि ती ओंजळ नेमकी जाधवरावाची. साऱ्या जगावर विश्वास, फक्त बायकोवर नाही. पसरलेला संशय हास्यास्पद होतो. एका जागी साचलेला प्राण घेतो.

त्याच दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. फारशी न बोलणारी. ती म्हणाली, “सर, फाल्गुनरावांना आपण हसतोय. पण कृत्तिकेला हे रोज ऐकावं लागतं ना? तेव्हा तसबीर होती, आता मोबाईल आहे. कोणाचा फोन होता, कोणाचा मेसेज आला, दाखव. रोज दाखव.” कोणाच्या घरातली गोष्ट, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. वर्गातल्या चार-पाच मुलींनी मात्र माना खाली घातल्या, आणि एका मुलाने आपला मोबाईल उगाचच खिशात ठेवला.

तेव्हापासून एकांकिकेचा नूर पालटला. मुलांपैकी काही जण कुरकुरले. विनोदी म्हणून नाव नोंदवले आहे, आता रडवायचे का? मी त्यांना एवढेच सुचवले की हसवणूक सोडायची नाही, फक्त दोन्ही बायकांना ओसरीवर येऊ द्यायचे. नवऱ्यांची भेट झाली. बायकांची का नको?

कृत्तिका ही काही गरीब गाय नाही. तीही नवऱ्यावर उलट संशय घेते, तोंडाला तोंड देते, घर डोक्यावर घेते. ती कमळजेला भेटते तो प्रवेश त्या मागच्या बाकावरच्या मुलीनेच लिहून आणला. कृत्तिका ठसक्यात सांगते: “भांडा बाई, भांडा! शेजारीपाजारी गोळा होतील असे भांडा. ते एक बोलले तर तुम्ही चार बोला. आमच्या घरची भांडी बघा, एकही बिनपोच्याची नाही. पण आम्ही दोघे धडधाकट आहोत.” येथे हशा ठरलेलाच. आणि कमळजा शांतपणे म्हणते: “ताई, तुमचे बरे आहे. तुमचे यजमान नाव तरी घेतात. आमच्याकडे नावच सांगत नाहीत. मी भांडू कशाशी?”

हे वाक्य तिने कोठून आणले, याचे उत्तर मूळ नाटकातच आहे. ‘ऑथेल्लो’त नवरा रुमाल मागतो, तोंडाला येईल ते बोलतो, पण “कोणाबरोबर? माझा अपराध काय?” असे बायको काकुळतीने विचारते तेव्हा तो नाव उच्चारत नाही. कॅसिओचे नाव तो तिच्यापुढे घेतो ते शेवटच्या रात्री, गळ्याला हात लावण्याच्या वेळी. अपराध काय तेच कळले नाही, तर निरपराधीपण सिद्ध करायचे कसे? फाल्गुनराव मात्र सगळे चव्हाट्यावर ओरडतात, आणि ओरडलेली गोष्ट खोटी ठरवता येते. ‘संशयकल्लोळा’चा शेवट गोड होतो तो यामुळे.

मग मोठा वाद झाला तो शेवटावरून. निम्म्या वर्गाचे म्हणणे, कृत्तिकेने कमळजेचा हात धरून तिला सरळ घेऊन जावे. एवढ्या खटाटोपाने दोन नाटके जोडली ती तिला मरू देण्यासाठी काय? दुसऱ्या निम्म्यांचे म्हणणे, असे वाचवणे फार स्वस्त आहे. ती मुलगी म्हणाली, “वाचवली तर लोक टाळ्या वाजवून घरी जातील आणि घरी जाऊन फोन तपासतील.” त्यावर एक मुलगा चिडून म्हणाला, “मग काय, आपणही मारायची?” दोघांचेही खरे होते. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा, तर हा प्रश्न टळत नाही. लब्लांच्या चोरापासून सर्व्हांटीसच्या सरदारापर्यंत सर्वांना हाच प्रश्न पडलेला असणार: पाहुणा म्हणून आणलेल्या माणसाचे नशीब बदलण्याचा आपल्याला अधिकार किती?

तोड निघाली ती फाल्गुनरावांच्याच स्वभावातून. शेवटच्या प्रवेशात ओसरीवर दोघे नवरे उरतात. मध्ये चौरंगावर रुमाल आणि त्याशेजारी तसबीर. झुंझारराव तलवारीला हात घालून उठतो. फाल्गुनराव घाबरून खांबामागे जातात, पण चौकशीची खोड जात नाही.

फाल्गुनराव: एक विचारू? तुम्ही तिला नाव सांगितलेत का?

झुंझारराव: कोणाचे?

फाल्गुनराव: ज्याचा संशय आहे त्याचे! मी तर आमच्या हिला पाच नावे सांगितली. पाचही खोटी निघाली. तुम्ही एक तरी सांगून पाहा.

झुंझारराव उभाच राहतो. आतून कमळजेच्या बांगड्यांचा आवाज येतो. तो आत जातो ते नाव घ्यायला की जीव घ्यायला, हे कळायच्या आत पडदा पडतो.

संमेलनाच्या रात्री ‘पाच नावे’ला सभागृह खदखदून हसले आणि ते हसू पडदा पडेपर्यंत जागच्या जागी विरून गेले. टाळ्या उशिरा आल्या. बक्षीस मिळाले की नाही हे विचारू नका. ते एका धमाल फार्सला मिळाले आणि तोही चांगला होता. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मात्र ‘झुंझारराव’ची मागणी झाली. ग्रंथपालांनी सांगितले की त्या पुस्तकावरची धूळ झटकण्याचा प्रसंग कितीतरी वर्षांत आला नव्हता. मला विचाराल तर बक्षीस ते.

आमचे काही विद्वान मित्र या खेळाला पोरखेळ म्हणतात. दुसऱ्याच्या बागेतली फुले तोडून आपला हार करायचा, यात कसली आली निर्मिती? मला तसे वाटत नाही. ज्याला पात्र मनापासून कळले नाही, त्याला ते दुसऱ्याच्या घरी नेताच येत नाही. वाटेतच ते भलताच कोणी होऊन बसते. परीक्षेत ‘फाल्गुनरावांचे स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाला मुले पाठ केलेले उत्तर लिहितात. पण ‘फाल्गुनराव झुंझाररावांच्या ओसरीवर काय बोलतील?’ याचे उत्तर पाठ करता येत नाही. त्याला नाटक पुन्हा वाचावे लागते. आणि वाचता वाचता आपल्या घरच्या ओसरीकडेही नजर जाते.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत फराळ आटोपून मंडळी गप्पांना बसली, की हा खेळ खेळून पाहा. घरातल्या प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक पात्र आणावे, आजोबांनी त्यांच्या वेळचे, नातवंडांनी त्यांच्या, आणि दोघादोघांची गाठ घालून द्यावी. पाहुण्याला त्याच्या घरचीच भाषा बोलू द्या. कोणाला उगाच हरवू नका. आणि हसता हसता कोणी मध्येच गप्प झाले, तर पुढच्या विनोदाची घाई करू नका. तेथे जरा थांबा.